सेहेचाळीस नंबरचा ब्राझील

माझ्या ऑर्गनमध्ये ब्राझील दोन जागी आहे. सेहेचाळीस नंबरला बोसा नोव्हा आणि बावन्न नंबरला सांबा. आमच्याकडे नाटकात कीबोर्डला ऑर्गनच म्हणतात आणि तो वाजवणाऱ्याला ऑर्गनवाला. मी आमगावच्या एका कॉलेजात ग्रंथालय परिचर आहे, म्हणजे पुस्तकांवरची धूळ झटकणारा आणि कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारा. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, मंडई म्हटली की नाटक आलंच, आणि नाटकाच्या हंगामात मी ऑर्गनवाला असतो. असायचो, म्हणायला हवं.

त्या यंत्रावर मी कागदाची पट्टी चिकटवून ठेवली होती. ‘४६ रडणं, ५२ हसणं.’ बहीण भावाच्या दारातून उपाशी परत जाते, दाबा सेहेचाळीस. विनोदी नट धोतर सावरत येतो, दाबा बावन्न. लावणीचा नंबर यंत्रात नाही, तेव्हा बावन्नच जरा पळवायचा. पब्लिक शिट्ट्या मारतं. बोसा नोव्हा म्हणजे काय, सांबा म्हणजे काय, हे कुठल्या मुलखातलं आणि कुणाच्या हातचं, असा प्रश्न मला पाच वर्षांत एकदाही पडला नाही. पंगतीत बसल्यावर भात कुणाच्या शेतातला, कुणाच्या बांधीतला हे आम्ही विचारून घेतो, आणि हे विचारलं नाही.

आणि त्यातल्याच एका बटणानं माझ्या मामांची ढोलकी घरी बसवली. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझा सगळा राग तिथं आहे.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. नवेगाव बांधच्या तलावापलीकडे कोसभरावर त्यांचं गाव. पोटाला धानाची शेती आणि हाताला ढोलकी. मी पाच-सहा वर्षांचा असताना ते मला सायकलच्या दांड्यावर पुढं बसवायचे, एका हातानं हँडल धरायचे आणि दुसऱ्या हातानं माझ्या पाठीवर ठेका. माझ्या अंगात जो काही ताल आहे तो पाठीतून आत गेलेला आहे. मोठा झाल्यावर नाटकात मला पेटीवर बसवलं तेही त्यांनीच, आपल्या शेजारी.

आमच्या नाटक कंपनीत एक रीत होती. हंगामाची पहिली तालीम वाद्यांच्या पूजेनं सुरू व्हायची आणि पहिलं कुंकू ढोलकीला लागायचं. बाकीच्या वाद्यांना मग. सहा वर्षांपूर्वी मी पेटी सोडून नवा ऑर्गन घेतला आणि मोठ्या ऐटीत पहिल्या तालमीला नेला. नवेगाव बांधजवळच्या एका बंद राइस मिलच्या गोदामात दुपारची तालीम होती. कंपनीचे मालक गोंदियाचे. त्यांनी नारळ फोडला, ढोलकीला कुंकू लावलं आणि हात पुसता पुसता मला म्हणाले, “इसमें रिदम भी आता है ना? लगा के दिखा जरा.”

मी लावून दाखवलं. बावन्न. सगळे माना डोलवायला लागले.

“फिर ढोलकी का क्या काम?” मालक म्हणाले. “एक आदमी कम, गाडी में जगह भी बचेगी.”

मामांनी सबंध गाणं ऐकून घेतलं. मग ढोलकी गवसणीत घातली, दोरी ओढली, “येतो गा” म्हणाले आणि सायकल काढली. ढोलकीवरचं कुंकू तेव्हा वाळलंसुद्धा नव्हतं. मी दुसरं गाणं वाजवायला घेतलं.

त्यानंतर घरात, लग्नात, तेरवीत, जिथं कुणी विचारलं तिथं मी एकच सांगत आलो, की मालकानं मामांना काढलं. शिव्याही मालकालाच दिल्या, तोंड भरून. मामा भेटले की “बरा आहे काय?” एवढंच विचारायचे. मी “बरा आहे” म्हणायचो. पाच वर्षं आमचं बोलणं एवढंच.

गेल्या वर्षी भाद्रपदात कॉलेजात एक व्याख्यान झालं. पुण्याचे एक विद्वान आले होते आणि विषय होता ब्राझीलचं संगीत, त्याचा इतिहास आणि त्याच्या शैली. आमगावात ब्राझील कशाला, तर तपासणीला समिती यायची होती आणि काहीतरी जागतिक घडल्याचे फोटो हवे होते. मुलांना हजेरीच्या धाकानं आणून बसवलं होतं. प्रोजेक्टर माझ्या ताब्यात, म्हणून मी होतो.

माणूस बोलायचा मात्र छान. बोलता बोलता ते ‘बोसा नोव्हा’ म्हणाले आणि माझे कान टवकारले. मग त्यांनी एक गाणं लावलं. एक गिटार, आणि एक माणूस शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय अशा आवाजात गातोय. आधार कार्डावरच्या फोटोवरून ओळखत असलेला माणूस पहिल्यांदा समोर येऊन उभा राहावा, तसं झालं. हेच ते सेहेचाळीस, पण हे श्वास घेत होतं.

शेवटी ते म्हणाले, प्रश्न विचारा. कुणीच विचारेना. मी उठलो. “सर, ऑर्गनमधला सेहेचाळीस नंबर तो हाच काय?”

सभागृह हसलं. मुलं हसली ते सोडा, प्राध्यापक हसले, आणि अर्धं व्याख्यान मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले तर जास्तच हसले. पाहुणेही हसून म्हणाले, “हो, त्याचं व्यंगचित्र म्हणता येईल.” नंतर प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. “प्रश्न विद्यार्थ्यांसाठी असतात ना? तुम्ही काऊन मधात उठले? सगळ्या फोटोत तुम्हीच उभे दिसून राहिले.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या सभागृहात बोसा नोव्हा आयुष्यात कुणी वाजवला असेल तर मी एकट्यानं. व्यंगचित्र तर व्यंगचित्र, पाच वर्षं गावोगावच्या मंडईत ते काढत कोण होतं? रागाच्या भरात मी एक काम केलं. पाहुणे जेवायला गेले तेव्हा त्यांच्या लॅपटॉपमधलं ब्राझीलचं अख्खं फोल्डर माझ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. चोरी म्हणा. मला काही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मग रोज दुपारी, ग्रंथालयात चिटपाखरू नसतं तेव्हा, कानात इअरफोन घालून मी ब्राझील शिकत गेलो.

सुरुवात जहाजांपासून होते. आफ्रिकेतून माणसं बांधून आणली आणि उसाच्या मळ्यांत जुंपली. गुलामी सोडायला तो देश त्या सबंध खंडात सगळ्यांत शेवटी तयार झाला. आलेल्यांजवळ सामान काहीच नव्हतं, ताल तेवढा कुणाला काढून घेता आला नाही. बाहिया नावाच्या प्रांतात ही माणसं गोल करून उभी राहायची, टाळ्या धरायची, एकजण मधे येऊन नाचायचा, एकजण गाण्याची ओळ टाकायचा आणि बाकीचे उचलायचे. वाद्य नसलं तर जेवायच्या ताटावर सुरी घासायची. सांब्याचं मूळ घर ते. तिथून माणसं पोटासाठी रिओ शहरात आली, टेकड्यांवर झोपड्या बांधून राहिली, आणि ताल सोबत आला. त्यांच्याकडे पांदेइरो नावाचं वाद्य आहे, म्हणजे कडेला झांजा लावलेली डफली. एके काळी हातात पांदेइरो दिसला एवढ्यावरून पोलीस पकडायचे आणि तो हिसकून घ्यायचे. हे ऐकलं त्या दुपारी मी खुर्चीवरून उठलो आणि कपाटांच्या मधल्या बोळांतून येरझाऱ्या घालत राहिलो. कुणाला तरी मारावंसं वाटत होतं आणि मारायला कुणी नव्हतं.

पुढचं तर आणखी चीड आणणारं. त्याच देशाला नंतर जगासमोर मिरवायला काहीतरी आपलं हवं झालं, तेव्हा सांबा एकदम राष्ट्राचा झाला. मिरवणुका निघाल्या, डोक्यांवर पिसं आली. ज्यांच्या डफल्या हिसकल्या त्यांच्याच नाचाचे फोटो. फोटोसाठी माणूस काय काय करतो ते मी आमच्या कॉलेजात पाहिलेलंच होतं.

सगळंच काही चिडण्यासारखं नव्हतं. शोरो नावाचा एक प्रकार सांब्याच्याही आधीचा आहे. बासरी, गिटार, आणि काव्हाकिन्यो म्हणून चार तारांचं लहानसं वाद्य. बोटांची कसरत अशी की ऐकणाऱ्याला दम लागावा. आणि हे वाजवणारे कोण होते, तर टपाल कचेरीतले आणि जकातीवरचे कारकून, दिवसभर शिक्के मारणारे आणि संध्याकाळी कुणाच्या तरी अंगणात बसून वाजवणारे. हे कळलं तेव्हा मी ग्रंथालयाचा शिक्का हातात घेऊन उगाच दोन-तीनदा टेबलावर आपटला. आपल्या पंगतीतले निघाले. फोर्रो म्हणून आणखी एक प्रकार, तो कोरडवाहू मुलखातला. पाऊस दगा देतो, माणसं दूर शहरात कामाला जातात, आणि तिथं अकॉर्डियन, कमरेला अडकवलेला ढोल आणि एक लोखंडी त्रिकोण वाजवून गावाची आठवण काढतात. आमच्या इकडून हैदराबादला गेलेल्या पोरांनी ऐकावं असं ते आहे. माझ्या यंत्रात त्याला नंबरसुद्धा नाही.

मग आलं माझं सेहेचाळीस. रिओत समुद्राकाठी बऱ्या घरांतली तरुण मुलं राहायची, शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लागलेली. त्यांनी सांब्याचे सगळे ढोल एका गिटारवर आणले. मोठ्या ढोलाचं काम अंगठ्याला दिलं आणि लहान वाद्यांचं बाकीच्या बोटांना. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. पण मला त्यात एक गोष्ट दिसली आणि ती डोळ्यांपुढून हलेना. टेकडीवर दहा माणसं मिळून वाजवत होती. समुद्राकाठी एकटा वाजवायला लागला. मग ते परदेशी गेलं, हॉटेलांत आणि लिफ्टमध्ये घुसलं, आणि शेवटी कुठल्याशा कारखान्यात त्याचं बटण झालं. आता कुणीच वाजवत नाही. आणि त्याच्याच शेजारचं सांब्याचं बटण सात समुद्र ओलांडून राइस मिलच्या गोदामात आलं आणि माझ्या मामांना उठवून गेलं. ज्यांच्या हातातली डफली एकदा हिसकली, त्यांच्याच तालाच्या भुतानं इथं दुसऱ्याची ढोलकी हिसकली. या नीचपणाला काय म्हणावं मला कळेना.

त्या रविवारी मी मोटरसायकल काढून मामांकडे गेलो.

मामा ओसरीत खाटेची दोरी आवळत होते. मामी सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी मोबाइल पुढं केला. “मामा, एक आयका.”

“मले डब्बा नोको आयकवू,” मामा वर न पाहता म्हणाले. डब्बा म्हणजे माझा ऑर्गन.

“डब्बा नाही मामा. मानसं आहेत.”

मी आधी ताट आणि सुरीचं गाणं लावलं. मामीचं सूप थांबलं. “अवो, कोनाच्या घरचा लगन होय हा? ताट वाजून राहिला!” म्हणाली, आणि तिचं पाखडणं त्या तालावर सुरू झालं. मामा दोरी ओढत राहिले. मग मी मोठ्या ढोलांचा रस्त्यावरचा सांबा लावला. मामांचे हात दोरीवर थांबले.

“परत लाव.”

परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मामांनी दोरी सोडली आणि खाटेच्या लाकडावर तळहात ठेवला. “पहिली मात्रा हातानं दाबून ठेवून राहिले हे लोकं. वजन दुसरीवर टाकते. धानाचा भारा घेऊन चालनारा मानूस चालते ना, एक पाऊल हलका अन् एक जड, तसा.” पुण्याच्या विद्वानांना हे सांगायला चार चित्रं दाखवावी लागली होती. मामा आणखी थोडं ऐकत राहिले आणि त्यांचं बोट वर झालं. “अन् हा डफलीवाला पाह्य. उशीर करून राहिला. चुकला नाही, मुद्दाम करून राहिला. दुसऱ्याची वाट पायते अन् मंग येते. तुहा डब्बा करते काय असा?”

“नाही करत.”

“कसा करंल? वाट पायाले समोर मानूस लागते.”

मग मी सगळं सांगितलं. जहाजं, मळे, टेकड्या, पोलीस. मामा मन लावून ऐकत होते. “डफली कोन हिसकत होता?” त्यांनी मधेच विचारलं. “पोलीस,” मी म्हणालो. “हं,” मामा म्हणाले.

“मामा, यंदा पूजेले तुमी या. मी बटन लावत नाही. मालकाले समद्यायच्या समोर सांगतो.”

मामा माझ्याकडे वळले. “काय सांगशील?”

“समदा सांगतो.”

“समदा सांगशील तं येतो,” मामा म्हणाले आणि पुन्हा दोरी आवळायला लागले. त्या ‘समदा’चा अर्थ मी ब्राझील असा घेतला. माझ्या अकलेची कमाल बघा.

पूजेच्या दिवशी मी मामांना मोटरसायकलवर घेऊन गेलो. धुतलेला सदरा, मांडीवर ढोलकी. गोदामात तेच मालक आणि तोच नारळ, पण पहिलं कुंकू आता ऑर्गनला लागत होतं. ते लावून झाल्यावर त्यांचं लक्ष गेलं. “अरे, मामा भी आये है?” एक बोट ढोलकीलाही लागलं.

मी उभा राहिलो आणि बोलायला लागलो. पाव तास बोललो. आफ्रिका सांगितली, बाहिया सांगितला, पांदेइरो आणि पोलीस सांगितले, समुद्राकाठची गिटार सांगितली. आवाज चढत गेला. हे बटण म्हणजे चोरी आहे, म्हणालो, आणि आपण चोरीचा माल वाजवून राहिलो. विनोदी नटानं सामानातलं मोरपीस काढून डोक्याला खोचलं आणि कंबर हलवत एक फेरी मारली. सगळे लोटपोट. मालक डोळे पुसत म्हणाले, “भाई, ब्राझील का दुख ब्राझील जाने. पब्लिक को बावन नंबर मंगता. चलो, तेरा भी मान रखते है. दोनों बजाओ. बटन भी, ढोलकी भी.”

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी ढोलकी मांडीवर घेतली होती आणि ते माझ्याकडे पाहत होते. कशाची तरी वाट पाहत होते.

मी बटण दाबलं. हो, पुन्हा दाबलं. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते हे लिहिताना.

मामा वाजवायला लागले. पाच वर्षांनीही हात जिथल्या तिथं पडत होता, आणि त्या रविवारी मोबाइलवर जे ऐकलं होतं ते त्यांनी त्यात आणलं. पहिली मात्रा दाबायची, दुसरीवर वजन टाकायचं, आणि मधे केसभर थांबायचं. गोदामात हसणारे गप्प झाले. यंत्र मात्र थांबणारं नव्हतं. ते आपलं पुढं पळत होतं. अंतऱ्यापर्यंत दोघांमधे फट पडली, आणि कान नसलेल्यालाही ती ऐकू यायला लागली.

“मामा, ताल चूक रहा है,” मालक म्हणाले. “उमर हो गयी अब.”

ज्या माणसाच्या हातातून माझ्या पाठीत ताल उतरला, त्याचा ताल चुकला म्हणे! माझा तोल गेला. मी वायर खेचून काढली. ताल तुमचा चुकला, तुमच्या बापाचा चुकला, आणखी काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. ऑर्गन पिशवीत कोंबला, मामांना म्हणालो चला, आणि निघालो.

तलावाच्या पाळीवरून येताना मी थांबलोच नाही. मालकाला शिव्या दिल्या, मोरपीसवाल्याला दिल्या, प्राचार्यांना आणि पुण्याच्या विद्वानांना दिल्या, पोर्तुगीजांना दिल्या, रिओच्या पोलिसांना तर खास आमच्या झाडीपट्टीतल्या निवडक दिल्या. मामा मागं बसले होते. ढोलकी आमच्या दोघांच्या मधे होती आणि खड्डा आला की माझ्या पाठीला लागायची. मला वाटत होतं, आज मी काहीतरी मोठं केलं.

घरासमोर मामा उतरले. ढोलकी खांद्याला लावली.

“झाल्या शिव्या?”

“काय म्हनून सोडाचा मामा त्याले?”

“ततल्या लोकायची डफली पोलिसानं हिसकली. हे तू सांगतला.”

“हो.”

“माही कोनं हिसकली?”

“मालकानं,” मी म्हणालो. पाच वर्षांच्या सवयीनं तोंडातून आपोआप निघालं.

“मालकाले बटन कोनता हेबी मालूम नाही, भासा,” मामा म्हणाले.

आमच्याकडे भाच्याला भासा म्हणतात. पाच वर्षांत त्यांनी ती हाक मारली नव्हती.

मोटरसायकल सुरूच होती. मी बंद करायचं विसरलो होतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, मला तर सात समुद्रांपलीकडचं दिसलं होतं, पोलिसांच्या काठीसकट. आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ बोटाच्या टोकावर होतं. पाव तास मी गोदामात एका खंडाचा इतिहास सांगितला, आणि मामा मी न बोललेल्या एका वाक्यासाठी धुतलेला सदरा घालून आले होते.

“बटन मी दाबलो, मामा,” मी म्हणालो. “तवाबी अन् आजबी.”

“मले कायले सांगतं? मी ततीच होतो,” मामा म्हणाले. “ज्यायले मालूम नाही त्यायले सांग.” आणि आत गेले. मामीनं चहा विचारला, मी नको म्हणून गाडी वळवली.

पुढच्या रविवारी मी गोदामात गेलो. या वेळी ब्राझील काढला नाही. मामांना मालकानं काढलं असं मी पाच वर्षं सांगत आलो ते खोटं, बटण मी लावून दाखवलं आणि ते उठून गेल्यावर मी वाजवत राहिलो, एवढं उभ्यानं सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. मोरपीसवाला जमिनीकडे पाहत होता. मालक म्हणाले, “हो गया? चल, बैठ अब, बजा.” मी बसलो नाही. संध्याकाळपर्यंत त्यांना दुसरा ऑर्गनवाला मिळाला. सेहेचाळीस आणि बावन्न त्याच्याही यंत्रात आहेत. ते कुठं नसतात?

मामांच्या गावची मंडई दिवाळीनंतर चौथ्या दिवशी असते. भर दुपारी, देवळासमोरच्या मोकळ्या जागेत जुन्या लोकांची खडी गंमत उभी राहते, गाणी आणि सोंगं, मांडव नाही की पडदा नाही. मामा त्यात ढोलकीला उभे राहिले आणि मला बोलावून त्यांनी माझ्या बगलेत चोनका दिला. एका तारेचं वाद्य, तार खेचून छेडायची, बस. गमतीत त्याची जागा सगळ्यांच्या मागं असते. “याले बटन नाही,” मामा म्हणाले. त्यांनी तेवढ्यानं मला माफ केलं असं समजण्याइतका मी आता भोळा राहिलेलो नाही.

गाणं रंगात आलं होतं आणि तेवढ्यात रस्त्यानं कंपनीची जीप आली. वर दोन भोंगे, आजच्या नाटकाची जाहिरात, आणि जाहिरातीमागं बावन्न नंबर. नवीन माणसाचा नव्हे, माझाच, तीन हंगामांपूर्वी गोदामात रेकॉर्ड करून ठेवलेला. माझ्याच बोटानं दाबलेलं ते बटण अख्ख्या मंडईवर ओरडत होतं आणि मामांची ढोलकी त्याखाली ऐकू येईना. दगड उचलावा असं मनात आलं. कुणाला मारणार होतो?

मामांनी ढोलकीच्या चामड्याच्या पानावर तळहात ठेवला. गाणारे थांबले, टाळ थांबले. जीप गर्दीतून रखडत रखडत गेली, वळली, तलावाच्या बाजूला लागली. आवाज विरला तरी मामांचा हात उठला नाही. त्यांनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मी तार ताणून धरली होती आणि त्यांची वाट पाहत होतो. मग त्यांनी थाप दिली.